कुलूपबाई आणि शेवटचं पान

खून कोणी केला हे त्या अख्ख्या शहरात दोनच माणसांना माहीत असायचं. एक, ज्याने तो लिहिला तो लेखक. दुसरी, जिने तो टाइप केला ती बाई. लेखकाचं काय घेऊन बसलात, चहाचे दोन कप पोटात गेले की त्याची जीभ सैल सुटायची आणि बायकोला टेबलाखालून पाय मारावा लागायचा. पण बाईच्या तोंडून अठरा वर्षांत एकाही मारेकऱ्याचं नाव सुटलं नव्हतं. म्हणून रेडिओ केंद्रात सगळे तिला कुलूपबाई म्हणत. तोंडावर म्हणत, माघारीही म्हणत, आणि हजेरीच्या वहीत तिचं नाव काही वेगळंच आहे हे बहुतेकजण विसरूनही गेले होते.

तिची खोली जिना संपतो तिथे, दुसऱ्या मजल्यावर. आधी तिथे फुटक्या तबकड्या ठेवत. एक खिडकी, खाली सायकलींची रांग, आणि टेबलावर तो अवजड टाइपरायटर, जो हलवायचा तर दोन माणसं लागायची. एका वेळी चार प्रती निघायच्या. चौथी नीट उमटावी म्हणून कुलूपबाई अशी काही बोटं आपटायची की खालच्या मजल्यावरच्या बातम्यावाल्यांना गुरुवार जवळ आल्याचं कॅलेंडर न बघता कळायचं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या त्या माणसाने पोरीला एकच गोष्ट शिकवली होती: उघडलेलं घड्याळ बंद करायच्या आधी टेबलावर काही उरलंय का ते बघायचं. एक स्क्रू जरी उरला, तरी घड्याळ पुन्हा उघडायचं. ती टाइपही तशीच करायची. लोकांना वाटायचं, बाई नुसती बोटं चालवते. लोकांना काय, काहीही वाटतं.

गुरुवारी दुपारी चार वाजता रहस्यमालिका लागायची. तेरा गुरुवार, एक खून, सात संशयित आणि एक गुप्तहेर. सगळं थेट प्रसारण, चुकलं तर चुकलं. नटांना आपापले कागद दोन दिवस आधी मिळत, पण तेराव्या भागाचं शेवटचं पान मात्र कोणालाच मिळत नसे. त्यालाही कारण घडलं होतं. फार पूर्वी एका नटाला चौथ्या भागातच कळलं होतं की खुनी आपणच. झालं, त्या दिवसापासून गडी इतकं गोड बोलायला लागला की पाचव्या भागाला शाळेतली पोरंसुद्धा त्याच्याकडे बोट दाखवू लागली. तेव्हापासून लेखकसाहेबांनी नियम केला. शेवटचं पान ते हाताने लिहून, लाखेचं सील लावून, मालिका सुरू व्हायच्या आधीच कुलूपबाईच्या कपाटात ठेवायचे. तेराव्या गुरुवारी अकरा वाजता तिने दाराला कडी घालून ते फोडायचं आणि टाइप करायचं. मग प्रसारण चालू असताना, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर तिने स्टुडिओत शिरायचं आणि प्रत्येक नटापुढे ते पान ठेवून तसंच मागे यायचं. खुनी कोण हे खुन्याला सगळ्यांबरोबरच कळायचं.

घरी याचा छळ वेगळाच. सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार हिंडता येत नसे, पण कान असे की पलीकडच्या गल्लीतलं भांडण त्यांना शब्दासकट ऐकू यायचं. दर गुरुवारी शेजारच्या चार बायका जमवून त्या रेडिओसमोर बसायच्या आणि संध्याकाळी सून घरात पाऊल टाकते न टाकते तोच सुरू व्हायच्या.

"कोण गं?"

"मला काय माहीत, आई."

"तुला नाही तर कोणाला माहीत? तूच टाइप करतेस ना?"

"माझं लक्ष बोटांकडे असतं."

"हो, आणि माझं गुडघ्यांकडे," असं म्हणून सासूबाई तोंड फिरवून बसायच्या. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, बिचारा आईकडेही बघायचा नाही नि बायकोकडेही. अठरा वर्षं हा खेळ चालला, आणि सुनेने सासूबाईंना ताकास तूर लागू दिली नाही.

त्या वर्षीची मालिका होती एका गिरणीमालकाच्या खुनाची. म्हातारा वर अभ्यासिकेत गोळी लागून मरतो, आणि खाली दिवाणखान्यात सातजण बसलेले. पुतण्या, तरुण बायको, सेक्रेटरी, वकील, डॉक्टर, शेजारचे निवृत्त कर्नल, आणि घर सांभाळणारी बाई. सातहीजणांना म्हाताऱ्याचा राग. तिसऱ्या भागात गोळी सुटते आणि त्याच भागात एक भानगड झाली होती, ती नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

इमारत एक, पण वाहिन्या दोन. एकीवर नाटकं नि गाणी, दुसरीवर बातम्या नि हवामान. त्या दुपारी हवामान वाचणाऱ्याचा घसा बसला. आता सव्वाचारला हवामान वाचायचं कोणी? तर डॉक्टरचं काम करणारा नट आधी तिकडेच निवेदक होता, आवाज भारदस्त, उच्चार स्वच्छ. त्यालाच धरलं. शेवटच्या तालमीत लेखकसाहेबांनी पेन्सिल घेतली आणि चार पानांतली डॉक्टरची सगळी वाक्यं उडवली. ती चार मिनिटं हा बातम्यांच्या स्टुडिओत जाऊन हवामान वाचणार आणि परत येणार. मधली जागा ओकीबोकी वाटू लागली, म्हणून पुतण्याला शीळ घालायला सांगितली. नट शीळ झकास घालायचा. शीळ चालू, गोळीचा आवाज, शीळ थांबते, बायका किंचाळतात. त्या धांदलीत डॉक्टर जिन्यावरून धावत परत आला, माइकसमोर उभा राहिला आणि धापा टाकत म्हणाला, "काय... काय झालं?" सगळ्यांना वाटलं, वा, काय घाबरलाय.

त्या संध्याकाळी सासूबाई सुनेला म्हणाल्या, "तुमचा डॉक्टर मधेच उठून गेला."

"कुठे जाईल? तिथेच तर बसला होता."

"मला नको सांगूस. शेजारणीच्या रेडिओवर हवामान सांगत होता. उत्तरेकडून वारे येणार म्हणाला. इकडे म्हाताऱ्याला गोळी, आणि याला वाऱ्याचं पडलंय."

घर हसलं, कुलूपबाईही हसली आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

बारावा गुरुवार उलटला आणि लेखकसाहेबांच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे, शस्त्रक्रिया लगेच, आणि तीही नेमकी तेराव्या गुरुवारी सकाळी. आदल्या दिवशी कुलूपबाई इस्पितळात भेटायला गेली. माणूस कागदासारखा पांढरा पडला होता, पण डोक्यात मालिकाच.

"बाई, पान तुमच्या ताब्यात आहे."

"आहे."

"मी नसेन. निर्माते नाही नाही ते सुचवतील. एक अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये. शब्द द्या."

तिने शब्द दिला. देणारच. अठरा वर्षांत तिने त्यांचा एक स्वल्पविरामही हलवला नव्हता.

गुरुवारी अकरा वाजता तिने कडी घातली, सील फोडलं, यंत्रात कागद चढवले आणि वाचायला घेतलं. खुनी पुतण्या. दिवाणखान्यातून गुपचूप उठून, मागच्या जिन्याने वर जाऊन त्याने गोळी घातली. तिने पहिली ओळ टाइप केली, दुसरी केली, आणि तिसऱ्या ओळीवर बोटं थांबली.

पुतण्या तर शीळ घालत होता.

तिने कपाटातून तिसऱ्या भागाची फाइल काढली. पान नऊ. पेन्सिलीतली शीळ तिनेच नंतर टाइप केलेली. गोळी सुटेपर्यंत अख्ख्या शहराने त्याची शीळ ऐकली होती. वरच्या मजल्यावर गोळी घालणारा माणूस खाली शीळ कशी घालेल? लेखकसाहेबांनी पान आधीच लिहून सील केलं होतं आणि शीळ नंतर, तालमीत घुसली होती. दोन्ही त्यांचीच, पण एकाला दुसऱ्याची खबर नाही. घड्याळ बंद झालं होतं आणि टेबलावर स्क्रू उरला होता.

तिने इस्पितळात फोन लावला. साहेबांना आत नेलंय, म्हणाले, शुद्धीवर यायला संध्याकाळ होईल. साहेबांची बायकोही बाहेर बाकावर बसलेली, तिला काय विचारणार?

मग ती फाइल घेऊन निर्मात्यांकडे गेली. हा गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हता, पण बारा महिने तेरा काळ घाईत. त्याने सगळं ऐकलं आणि हात झटकला.

"दहा आठवड्यांपूर्वीची शीळ कोणाला आठवतेय, बाई?"

"माझ्या सासूला."

"एका सासूसाठी मालिका बदलू?"

"साहेब, दर घरात एक असते."

निर्मात्यांच्याही घरी होतीच.

"मग काय करायचं म्हणता? खुनी कोण?"

आणि इथे, तिने पुढे स्वतःच सांगितलं, तिला आधी काहीच माहीत नव्हतं. ती फक्त फाइल चाळत उभी होती. सातांपैकी कोण कोण पान नऊ ते बारावर आहे? बायको किंचाळते. सेक्रेटरी पत्ते वाटतो. वकील आणि कर्नल वाद घालतायत. घर सांभाळणारी बाई पेले आणते. पुतण्याची शीळ. आणि डॉक्टर? डॉक्टर पान आठवर म्हणतो, "मी जरा खिडकीपाशी बसतो," आणि मग चार पानं त्याच्या तोंडून ब्र नाही. एकदम पान तेरावर, धापा टाकत. तिच्या कानात सासूबाईंचा आवाज आला, तुमचा डॉक्टर मधेच उठून गेला.

"डॉक्टर," ती म्हणाली.

"अहो, तो हवामान वाचायला गेला होता."

"ते आपल्याला माहीत. ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं? दिवाणखान्यात गोळीच्या वेळी ज्याचा आवाज नाही असा एकच माणूस. आणि गोळीनंतर धाप लागलेलाही एकच. खिडकीपाशी बसलेल्या माणसाला धाप कशी लागते?"

निर्माते खुर्चीत टेकले. "पण कारण? त्याने का मारावं?"

"कारणं साहेबांनी सातहीजणांना दिली आहेत. सहाव्या भागात सेक्रेटरी म्हणतो, मालक उद्या दुसऱ्या डॉक्टरला बोलावणार होते. हा वर्षभर त्यांना चुकीचं औषध टोचत होता, ते उघडं पडलं असतं. सगळं तिथेच आहे. कारण सगळ्यांकडे आहे, साहेब. वेळ एकट्याकडेच आहे."

निर्मात्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण हे तुमच्या नावावर. साहेब शुद्धीवर आल्यावर बिघडले तर मी तुमच्या मागे उभा राहणार नाही. तुमचं टेबल जाईल, सांगून ठेवतो."

"लिहून देऊ?"

"नको," निर्माते म्हणाले, आणि थोडे ओशाळले.

तिने खोलीत येऊन कडी घातली. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. टेबलाची तर होतीच, पण त्याहून जास्त शब्दाची. आजारी माणसाला दिलेला शब्द एका दिवसात मोडायचा, तोही त्याचं पोट फाडलेलं असताना. पण पुतण्याला खुनी करून पान पाठवायचं म्हणजे अठरा वर्षं विश्वासाने ऐकणाऱ्या लोकांच्या तोंडाला पानं पुसायची. ते तिच्याने होईना. तिने दीड तास टाइप केलं. साहेबांची वाक्यं कशी चालतात हे तिच्या बोटांना पाठ होतं. गुप्तहेर कुठे थांबतो, कुठे "असं का बरं" म्हणतो, सगळं. कुठे शब्द अडलाच तर ती बोटं यंत्रावर ठेवून वाट बघायची आणि बोटं पुढे जायची. तीन वाजता, दोन-तीन खेपांत, सगळ्या प्रती तयार होत्या.

स्टुडिओत पुतण्याचं काम करणारा नट इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आपणच खुनी याची त्याला पक्की खात्री, कोणीतरी कानात फुंकलं असणार. काचेपलीकडच्या खोलीत त्याने बायकोच्या माहेरची चार माणसं आणून बसवली होती. डॉक्टर कोपऱ्यात उभा राहून घसा साफ करत होता. लाल दिवा लागला. सोळा मिनिटं झाली आणि कुलूपबाईने बूट काढले.

मोज्यांवर आत शिरून तिने एकेक पान ठेवलं. कर्नलपुढे, वकिलापुढे, पुतण्यापुढे. पुतण्याने पान बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला, सासरची मंडळी काचेतून बघतच होती. शेवटी डॉक्टरपुढे. गुप्तहेर वाचत होता, "दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला त्या रात्री धाप का लागली होती, डॉक्टर?"

डॉक्टरने पान हातात घेतलं आणि आपलं नाव वाचलं. एक सेकंद, दोन, तीन. रेडिओवर तीन सेकंद म्हणजे किती, ते तिथे काम केलेल्या माणसालाच विचारा. निर्मात्यांनी कपाळाला हात लावला. आणि मग डॉक्टर बोलला. ना ओरडला, ना रडला. उद्या आकाश ढगाळ राहील हे ज्या आवाजात सांगायचा त्याच आवाजात म्हणाला, "कारण मी जिन्यावरून धावत आलो होतो."

आवाजांचं काम बघणाऱ्या काकांनी पावलांच्या आवाजाचं वाळूचं घमेलं खाली ठेवलं आणि कुलूपबाईकडे बघितलं. तीस वर्षं हा माणूस पावलं नि दारं वाजवत होता, आणि एका शांततेवर त्याच्या अंगावर काटा आला होता. पान संपलं, दिवा विझला, आणि खालचे फोन वाजायला लागले ते थांबेचनात. निर्माते प्रत्येक फोनवर सांगत होते, "हो हो, तिसऱ्या भागापासून ठरलेलंच होतं." कुलूपबाईने बूट घातले आणि ती घरी गेली. सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"सांगितलं होतं की नाही मी? तिसऱ्याच भागात?"

"सांगितलं होतं, आई."

सासूबाई इतक्या खूश होत्या की सुनेच्या आवाजाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

शनिवारी ती इस्पितळात गेली. पिशवीत दोन पानं होती. एक साहेबांच्या हस्ताक्षरातलं, एक तिने टाइप केलेलं. मनाशी सगळं ठरवून गेली होती. ते रागावतील, रागवावंच त्यांनी. टेबल सोडायचं तर सोडू, पण खोटं बोलायचं नाही.

साहेब उशीला टेकून बसले होते आणि चेहरा फुललेला.

"या बाई, या. ऐकलंत ना? नर्सने उशाशी रेडिओ ठेवला होता. अर्धवट गुंगीत होतो, पण ऐकलं. काय जमून आलंय. चार पानं डॉक्टरला गप्प ठेवला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. कधी लिहिलं मी ते? माझं मलाच नवल वाटतंय."

कुलूपबाई उभीच राहिली. शिव्या खायची तयारी करून आली होती, आणि हे भलतंच निघालं. आता नुसतं हो म्हटलं की टेबलही राहत होतं आणि शब्दही. कुलपाचं काम अठरा वर्षं केलं, एक गुपित आणखी. पण तिला राग आला. चांगला, सणसणीत राग आला. तिने पिशवीतून हस्ताक्षराचं पान काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्ही हे लिहिलं होतं."

साहेबांनी चष्मा लावला. पुतण्याचं नाव वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"पण हा तर..."

"शीळ घालत होता. पान नऊ. तुमचीच पेन्सिल."

"आणि मी ऐकलं ते?"

"ते माझं. तुम्हाला दिलेला शब्द मोडला. का मोडला ते सांगितलं. आता काय म्हणायचं ते म्हणा."

नर्स आली, ताप बघून गेली. टाइप केलेलं पान साहेबांनी तिच्याकडून मागून घेतलं आणि ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचलं. एकदा हसले, टाके ओढले गेले म्हणून थांबले.

शेवटी त्यांनी दोन्ही पानं एकत्र करून तिच्याकडे दिली.

"पुढच्या मालिकेपासून असं करू," ते म्हणाले. "खून मी करतो. कोणी केला ते तुम्ही सांगा. आणि नावं दोघांची वाचायची, सुरुवातीलाच."

अठरा वर्षं दर मालिकेच्या सुरुवातीला नावं वाचली जायची, नटांची, निर्मात्यांची, पावलं वाजवणाऱ्या काकांचीसुद्धा. तिचं नाव वाचायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि आपल्याला ते हवं होतं हे तिलाही आत्ताच कळत होतं. डोळे भरून आले, ते तिने लपवलेही नाहीत.

"माझं खरं नाव लागेल मग," ती म्हणाली. "कुलूपबाई नाही चालायचं."

"ते मला लिहून द्या," साहेब म्हणाले, आणि जरा ओशाळून दुसरीकडे बघू लागले.

दोन महिन्यांनी नवी मालिका सुरू झाली. पहिल्याच गुरुवारी नावं वाचताना सासूबाईंनी सगळ्या शेजारणींना गप्प केलं आणि सुनेचं नाव ऐकून रेडिओलाच मान डोलावली. संध्याकाळी सून बूट काढते न काढते तोच त्या सरसावून बसल्या.

"आता तर तूच लिहितेस. सांग, कोण?"

"खरंच माहीत नाही, आई. अजून ठरायचंय."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिने सासूबाईंना आडवळण न घेता खरं उत्तर दिलं होतं. सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं.

"खोटारडी," त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून बसल्या.